पन्नास-साठ वर्षं जुने रॉक बँड अजून नवे अल्बम का काढतात? जुनी हिट गाणी वाजवून थांबावं, असं नाही का वाटत? की पैशासाठीच करत असतील?

नाही, मला तसं वाटत नाही. सहा वर्षांपूर्वी हेच वाक्य एका जवळच्या मित्राच्या तोंडून ऐकलंय, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

'पैशासाठीच करत असतील' असंही तुम्ही प्रश्नात म्हटलंय, ते आधी उरकतो. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम २००५ मध्ये आला आणि त्यानंतरचा थेट २०२३ मध्ये, 'हॅकनी डायमंड्स'. मधे २०१६ मध्ये एक आला होता, पण तो दुसऱ्यांच्या जुन्या ब्लूज गाण्यांचा. त्या अठरा वर्षांत त्यांचे दौरे चालूच होते, स्टेडियमं भरत होती. नव्या गाण्यांवाचून त्यांचं एका पैशाचंही अडलं नव्हतं. तरी त्यांच्या गायकाने, मिक जॅगरने, ऐंशीव्या वर्षी नवा अल्बम काढला. जो हिशोब जुन्या गाण्यांवर आरामात सुटतो, त्यासाठी नव्याचे कष्ट कुणी घेत नाही.

मग कशासाठी? तर ऐका.

मी बेस गिटार वाजवतो. कॉलेजात जमलेला आमचा चौघांचा बँड होता. तेवीस-चोवीस वर्षांचे असताना आम्ही आठ गाणी केली आणि पुढची बावीस वर्षं त्याच आठांवर काढली. चाळिशीनंतर आमच्या गायकाचा गळा उतरला. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, गळा शरीराचाच भाग आहे. आम्ही सगळी गाणी अर्धा सूर खाली घेतली. दोन वर्षांनी आणखी अर्धा. गिटारचं ट्यूनिंग असं उतरवत गेलं की तारा सैल पडतात, बेसची जाड तार फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, खडखडायला लागते आणि बोटांना जो ताण लागतो तो मिळत नाही. गाणं तेच असतं, पण त्याच्यातला जीव गेलेला असतो. शेवटी शेवटी तर ध्रुवपद आलं की तो माइक लोकांकडे वळवायचा. लोक खूश, त्यांना वाटायचं आपल्याला गायला बोलावतोय. मी त्याच्या मागे दोन हातांवर उभा असायचो. तो सूर आता त्याच्याकडे नाही, हे मला माहीत होतं.

पण कार्यक्रम संपला, सामान आवरायला घेतलं की केबल गुंडाळताना तो गुणगुणायचा. खालच्या पट्टीत, स्वतःशीच. जाडसर, थोडा खरखरीत आवाज. हा आवाज तेविसाव्या वर्षी त्याच्याकडे नव्हता आणि स्टेजवर तो कधीच आला नव्हता. पाच-सहा महिने मी ते गुणगुणणं कान देऊन ऐकलं. कुठले सूर तो सहज घेतो, कुठे थांबतो, ते घरी येऊन बेसवर शोधलं. आणि त्या आवाजासाठी एक संथ गाणं केलं.

सरावाला त्याने पहिलं कडवं निम्मं ऐकलं आणि म्हणाला, "हे ऐकायला कोण येणार? लोक आपली आठ गाणी ऐकायला येतात. आता नवी गाणी करायचं आपलं वय राहिलंय का?" मी हट्ट धरला. पुढच्या कार्यक्रमात ते आम्ही तिसऱ्या नंबरवर घेतलं. लोक आपापसात बोलायला लागले, काही बाहेर गेले. पहिल्या कडव्यानंतर त्याने हात वर करून आम्हाला थांबवलं आणि ड्रमरला जुनं गाणं सुरू करायची खूण केली. लोक ओरडले, टाळ्या पडल्या. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. "बघितलंस?" असं तो म्हणाला नाही, पण नजर तीच होती. दोन महिन्यांनी मी बँड सोडला.

त्या रात्री काय सिद्ध झालं? काहीही नाही. पहिल्यांदा कानावर पडलेल्या गाण्याला लोक कधीच उसळत नाहीत. आमची आठ गाणीही सुरुवातीला अशीच रिकाम्या नजरेने ऐकली गेली होती, हे तो विसरला. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडने २००६ च्या दौऱ्यात नवाकोरा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. बरेच चाहते चिडले, ते तरीही वाजवत राहिले. द क्युअर या ब्रिटिश बँडने तर नवी गाणी आधी दौऱ्यात वाजवली. प्रेक्षकांच्या कानावर ती महिनोन्‌महिने पडली आणि मग २०२४ मध्ये अल्बम आला, आधीच्या अल्बमनंतर सोळा वर्षांनी. त्यातल्या पहिल्या गाण्यात गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज तीन मिनिटं उलटून गेल्यावर येतो. तिशीतला माणूस इतका वेळ थांबला नसता, असं माझं ठाम मत आहे. हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

माझा खरा मुद्दा गळ्याचा आहे. जुनं गाणं तरुण शरीराच्या मापाने शिवलेलं असतं. डीप पर्पल या बँडचं 'चाइल्ड इन टाइम' हे गाणं १९७० मधलं, तेव्हा त्यांचा गायक इयन गिलन चोवीस वर्षांचा होता. त्या किंकाळ्या पुढे गळ्याला झेपेनात, म्हणून ते गाणं त्याने कितीतरी वर्षांपूर्वी सोडून दिलं. सोडलं आणि गप्प बसला का? २०२४ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याने नव्या गिटारवादकाबरोबर अख्खा अल्बम गायला आणि त्यात तो आता जमेल त्याच पट्टीत गातो. नवं गाणं आत्ताच्या मापाने शिवता येतं. जुन्यात वय लपवावं लागतं, नव्यात ते कामाला लावता येतं. (जूडास प्रीस्ट बँडच्या रॉब हॅलफर्डसारखे काही गायक अजूनही वरच्या सुरात जातात. ते अपवाद. त्यांच्याकडे बघून बाकीच्यांना मोजू नका.)

हातांचंही तेच. जूडास प्रीस्टचा गिटारवादक ग्लेन टिप्टन याने २०१८ मध्ये आपल्याला पार्किन्सन्स हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचं जाहीर केलं आणि दौऱ्यांत पूर्णवेळ वाजवणं थांबवलं. पण २०२४ च्या अल्बमवर तो आहे. बँड म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे: जो जितकं करू शकतो तितक्यासाठी जागा करायची. ही जागा नव्या गाण्यात करता येते, कारण तिथे अजून काहीच ठरलेलं नसतं. जुन्यात प्रत्येक सूर कुणाकडून येणार, हे लोकांनाही पाठ असतं.

आता दुसरी बाजूही लिहितो. म्हाताऱ्या बँडचा प्रत्येक अल्बम चांगला असतो, असं माझं म्हणणं नाही. बरेच विनाकारण लांब असतात. ब्लॅक सॅबथ या बँडचा २०१३ चा अल्बम अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिला आला, पण त्यांचा मूळ ड्रमर बिल वॉर्ड याच्या ड्रम्सशिवाय तो मला आजही अर्धा वाटतो. 'हॅकनी डायमंड्स' जरा जास्तच चकचकीत आहे, पाहुण्यांची गर्दी आहे. आणि आतून काही येतच नसेल तर खुशाल थांबावं, त्यात कमीपणा नाही. फक्त 'लोकांना नको' हे कारण देऊ नये.

तरी 'हॅकनी डायमंड्स'मधलंच एक गाणं मी पुन्हा पुन्हा ऐकतो. स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ मध्ये वारला. त्याचे ड्रम्स दोन गाण्यांत आहेत आणि त्यातल्या एकात बेस बिल वायमनचा आहे, जो १९९३ मध्ये बँड सोडून गेला होता. ऐंशी ओलांडलेला बेसवाला तीस वर्षांनी बँडच्या अल्बमवर एका गाण्यापुरता परत आला. नीट ऐका, या वेळी जुन्या मैफिलीत जुनं गाणं वाजवायला नाही, नव्या गाण्यासाठी आला.

तुम्हाला सल्ला एवढाच, कुठल्याही जुन्या बँडचा नवा अल्बम तीनदा ऐकल्याशिवाय मत देऊ नका. पहिल्यांदा ऐकताना तुम्ही त्यांची जुनी गाणीच शोधत असता.

आणि तू हे वाचशील, याची मला खात्री आहे. लोक उठून गेले म्हणून मी चुकलो नव्हतो. तेव्हाही नाही आणि आजही नाही. ते गाणं मी दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही. त्यातला सगळ्यात वरचा सूर तू केबल गुंडाळताना घ्यायचास तोच आहे. ट्यूनिंग उतरवावं लागत नाही.