परसबागेचे प्रश्न : वाफ्याच्या फळ्या घेताना नाव नको, गाभा बघा

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला राहतो, घरामागं थोडी मोकळी जागा आहे. माती काळी, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, म्हणून लाकडी चौकट करून सहा बाय तीन फुटांचे, फूटभर उंचीचे गादीवाफे करायचेत, मेथी, पालक, वांगी, टोमॅटो लावायला. सुतार म्हणतो नवीन सागवान परवडणार नाही, निलगिरी घ्या. शेजारचे म्हणतात कंपनीतले पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) फुकटात मिळतील, ते ठोका आणि जळकं ऑइल मारा, बघायलाच नको. मिरजेतनं ओळखीनं रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर पण मिळतायत. कमी पैशात टिकणारं पाहिजे, काय घेऊ?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, स्लीपर आणि जळकं ऑइल ही दोन्ही नावं आधी यादीतनं काढा, मग बाकीचं बोलू. जुने लाकडी स्लीपर क्रिओसोट पाजलेले असतात, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातनं काढलेलं तेल, त्यात कॅन्सरला कारण होणारे घटक असतात आणि उन्हानं तापलं की ते इतक्या वर्षांनी पण पाझरतं, हाताला चिकटतं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनात झिजलेले धातू आणि अर्धवट जळालेली घाण असते. ज्या मातीतली मेथी मुळासकट उपटून घरात आणायची तिथं हे नको म्हणजे नको.

कुणी हिरवट झाक असलेलं, ट्रीटमेंट केलेलं लाकूड दाखवलं तर कुठलं केमिकल आहे ते विचारा. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक वापरून लाकूड टिकवायची पद्धत आपल्या देशातच निघाली, सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये शोधली, आणि खांबांना ती जबरदस्त चालते यात शंका नाही. पण त्यात आर्सेनिक आहे, अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ती बंद झाली, तेव्हा भाजीच्या वाफ्याला तसलं लाकूड घेऊ नका.

पॅलेट फुकट मिळतंय तर एखादा वाफा करून बघायला हरकत नाही. फक्त त्यावरचा शिक्का बघा, इंग्रजीत एचटी लिहिलंय म्हणजे लाकूड तापवून आतली कीड मारलीय, एमबी लिहिलंय म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलीय, ते घेऊ नका. आणि एचटी म्हणजे लाकूड कुजणार नाही असं अजिबात नाही, तो शिक्का फक्त किडीपुरता. बहुतेक पॅलेट पातळ पाइनचे असतात, आपल्या ओल्या मातीत एक-दोन पावसाळे गेले की खालच्या फळीत बोट जातं.

निलगिरी स्वस्त असते ती झाडं कोवळी असतानाच तोडतात म्हणून. आत गाभा, म्हणजे खोडाचा मधला गडद, टिकाऊ भाग, नीट तयार झालेला नसतो, वाळताना फळी पिळते, टोकाला चिरते. मी तरी घेणार नाही.

मग घ्यायचं काय? आपल्या देशात लाकडाचा टिकाऊपणा ठरवताना त्याच्या खुंट्या जमिनीत पुरून ठेवतात आणि किती दिवस टिकतात बघतात, सरासरी १० वर्षं किंवा जास्त टिकल्या तर वरचा वर्ग, ५ ते १० मधला, ५ च्या आत तर खालचा. साग वरच्या वर्गात, आंबा खालच्या. पण इथं साग म्हणजे सागाचा गाभा, आणि ही गोष्ट वखारीत कुणी आपणहून सांगत नाही. झाड जिवंत असताना सालीलगतच्या पांढरट भागातनं पाणी फिरतं, त्यात स्टार्च साठलेला असतो, तो बुरशीला आणि किड्याला आयता खाऊ. आतला गडद भाग मेलेला, त्यात झाडानं तेलं, टॅनिन (तुरट रसायन) असलं काही भरून ठेवलेलं असतं म्हणून तो टिकतो. म्हणजे सागाची पांढरी फळी आंब्याच्या फळीसारखीच कुजणार, पैसे मात्र सागाचे जाणार.

म्हणून वखारीत गेल्यावर फळीचं टोक बघा, लांबी नंतर. करवतीनं कापलेल्या तोंडाला थोडं पाणी लावलं की रंग उठून दिसतो, कुठंवर पांढरं आणि कुठनं तपकिरी ते लगेच कळतं. पांढऱ्या पट्ट्यात टाचणीएवढी भोकं आणि पीठ पडल्यासारखा भुगा दिसला तर ती फळी बाजूला ठेवा. कडेला खिळा दाबून बघा, मऊ लागलं तर आतनं गेलेलं असतं.

तुमच्या बजेटात दोन लाकडं बसतात. पहिलं, जुन्या घराचं सागवान. सांगली-मिरज, वाई, सातारा सगळीकडं जुनी घरं, वाडे उतरतायत, त्यातल्या तुळया, वासे, कडीपाटाच्या फळ्या जुन्या लाकडाच्या वखारीत येतात आणि नव्या सागापेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. लाकूड जून झाडाचं, बहुतेक गाभाच, आणि वाळून वाळून स्थिर झालेलं, आता ते पिळत नाही. फक्त ऑइलपेंट मारलेल्या चौकटी, दारं घेऊ नका, जुन्या पेंटमध्ये शिसं असायचं (शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीचं काय सांगावं) आणि रंधा मारताना ती धूळ तुमच्याच नाकात जाणार. मिलवर न्यायच्या आधी सगळे खिळे उपटा, करवतीला खिळा लागला तर पातं जातं, म्हणून पुष्कळ मिलवाले जुनं लाकूड घ्यायलाच तयार नसतात.

दुसरं, बाभूळ. गाडी, कुळव, नांगर आपल्याकडं बाभळीचेच करायचे, जुन्या सुताराला विचारा. हिचा पण लालसर गाभाच घ्यायचा. पांढऱ्या भागाला किडा फार लवकर लागतो, म्हणून पूर्वी ओंडके पाण्यात मुरवत ठेवायचे. वखारीत सुबाभूळ दाखवून बाभूळ म्हणतात तिकडं लक्ष ठेवा, ते पांढरट, हलकं लाकूड मातीत टिकत नाही.

जाडी दीड इंच घ्या. तुमच्या वाफ्याचा घेर १८ फूट, फूटभर उंची, दीड इंची फळीला सव्वादोन घनफूट लाकूड लागतं, एक इंचीला दीड. म्हणजे एका वाफ्यामागं पाऊण घनफूटच जास्त, आणि कूज बाहेरनं आत जाते त्यामुळं जाड फळी तेवढी जास्त वर्षं काढते. पैसे इथं घाला, पॉलिशमध्ये नको. लावायचंच तर कच्चं जवसाचं तेल लावा, पण दरवर्षी लावायची तयारी ठेवा.

आणि फळी थेट मातीवर टेकवू नका. खाली भाजलेल्या विटांचा एक थर द्या, म्हणजे तळाला पाणी साचत नाही आणि वाळवी वर चढायला लागली तर तिची मातीची नळी विटेवर डोळ्याला दिसते, खराट्यानं झाडून टाकता येते. खुंट्या फळीच्या बाहेरच्या बाजूला मारा, मातीचा रेटा खुंट्यांवर जातो. आतनं शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा (अर्धा मिलिमीटर जाड) प्लास्टिकचा कागद लावा, तुकडे स्वस्तात मिळतात, पण फक्त बाजूंना, तळ उघडा ठेवा. स्क्रू जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले) किंवा स्टेनलेस स्टीलचे, साधे खिळे बाभळीतल्या टॅनिननं काळे पडून गंजतात.

प्रश्न : आमच्या शेतात एक जुनं जांभळाचं झाड आहे. विहिरीत जांभळाचं लाकूड पिढ्यान् पिढ्या टिकतं म्हणतात, मग वाफ्याला पण चालेल ना? आमच्याकडं पाऊस खूप असतो.
– एक वाचक, पाटण तालुका, सातारा

उत्तर : ताई, विहिरीतलं लाकूड कायम पाण्याखाली असतं, तिथं हवा नाही, बुरशीला हवा लागते, म्हणून ते टिकतं. वाफ्याच्या फळीला ओल पण असते आणि हवा पण असते, आणि नेमकं जमिनीलगत लाकूड सगळ्यात आधी कुजतं ते याचमुळं. म्हणजे विहिरीचा अनुभव खरा, पण तो वाफ्याला लागू होत नाही. जांभळाचं पडलेलं खोड किंवा मोडलेली फांदी असेल तर तिचा गाभा जरूर वापरा. उभं झाड यासाठी तोडू नका. जांभूळ, साग, आंबा ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणं आधी परवानगी लागते.

लाकडाचं जे काही सांगतो ते ठिकाण बघून ऐका. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटाव दुष्काळी. पूर्वेला, माण-खटावकडं, वाळवीची काळजी जास्त, तुमच्याकडं कुजण्याची. तुमच्या जागी असतो तर मी खालची एक फूट चौकट काळ्या दगडाची रचली असती, दगड शेतात पडलेलेच असतात.

प्रश्न : साताऱ्यात फ्लॅट आहे, गच्ची मिळालीय. तिथं असाच लाकडी वाफा केला तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : इथं लाकूड नंतर, आधी वजन. ओली माती फूटभर भरली की एका चौरस फुटाला ४० किलोच्या वर जाते, सहा बाय तीनचा वाफा ७५० किलोच्या आसपास. ये-जा असलेल्या गच्चीसाठी डिझाइनमध्ये साधारण दीडशे किलो प्रति चौरस मीटर वजन धरतात, म्हणजे चौरस फुटाला १४ किलो. तेव्हा इंजिनियरला दाखवल्याशिवाय फूटभर मातीचा वाफा मांडू नका. तोवर कोकोपीट, पालापाचोळा आणि कंपोस्ट भरलेल्या ग्रोबॅग घ्या आणि त्या मधोमध न ठेवता खालच्या भिंतीच्या, बीमच्या वर येतील अशा कडेला ठेवा.