नऊ वर्षांपूर्वीची टेप आणि आताची उन्हाळी

सासूबाई ६१ वर्षांच्या, खोकताना-शिंकताना लघवी सुटते म्हणून नऊ वर्षांपूर्वी ‘जाळीचं छोटं ऑपरेशन’ झालेलं, आणि या वर्षात लघवीचा जंतुसंसर्ग चौथ्यांदा. डॉक्टर वयावर ढकलतात, जाळीचा काही संबंध असेल का, असं तुम्ही विचारलंय.

असू शकतो. मी डॉक्टर नाही, याच रस्त्याने गेलेली पेशंट आहे. पण दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय ‘संबंध नाही’ असं कुणी म्हणू नये, एवढं नक्की सांगते.

माझी टेप, म्हणजे तीच जाळीची पट्टी, २००८ मधली. सात वर्षं झकास गेली. मग उन्हाळी लागायला लागली. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, अँटिबायोटिकचे कोर्स झाले. गोळ्या संपल्या की तीन आठवड्यांत पुन्हा जळजळ. शेवटी सोनोग्राफीत मूत्राशयात खडा दिसला. युरॉलॉजिस्टनी आधीची ऑपरेशनं विचारली, तर मी सिझेरियन आणि अपेंडिक्स सांगून मोकळी. अर्ध्या तासात उरकलेली टेप मला आठवलीच नाही! सिस्टोस्कोपीच्या, म्हणजे मूत्राशयात दुर्बीण घालून पाहतात त्या तपासणीच्या वेळी स्क्रीन माझ्याकडे वळवलेला होता. गुलाबी भिंत, तिच्यातून आडवा गेलेला निळा धागा, आणि दोऱ्यावर खडीसाखर धरते तसा त्यावर धरलेला पिवळट खडा.

ही टेप म्हणजे पॉलिप्रोपिलीनची, सेंटिमीटरभर रुंद विणलेली पट्टी. मूत्रनलिकेखाली झोळीसारखी बसवतात. तिच्या भोकांतून आपलं मांस वाढतं, म्हणून ती टिकते आणि म्हणूनच पुढे काढायला जड जाते. कधी ऑपरेशनच्या वेळीच सुई मूत्राशयातून आरपार गेलेली असते आणि ते लक्षात येत नाही, कधी पट्टी वर्षानुवर्षं घासत आत शिरते. धागा लघवीत उघडा पडला की त्यावर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, तिथवर औषध नीट पोचत नाही, वर क्षार साचतात. मग कोर्सनंतर बरं वाटतं, पण मूळ जागेवरच.

आता कामाचं. आधी जुनी फाइल शोधा. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, ऑपरेशनची नोट हवी. तिच्यावर बहुधा टेपच्या कंपनीचं, लॉट नंबरचं स्टिकर असतं. टेप पोटाच्या बाजूने वर नेली की जांघेतून, तेही त्यात कळतं. जांघेतून नेलेलीत मांडीच्या आतल्या बाजूला चालताना कळ येऊ शकते, आणि बायका ती संधिवातात जमा करतात. दर वेळी कोर्सच्या आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू कोणता ते सांगणारी तपासणी करा, जंतू तोच येतो का पाहा. लघवीनंतर आत किती उरते ते सोनोग्राफीत मोजून घ्या. सिस्टोस्कोपीत मूत्राशयाबरोबर मूत्रनलिकाही नीट बघा, असं मुद्दाम सांगा. सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका, हे प्लॅस्टिक त्यात धड दिसत नाही.

आणि एक अवघड प्रश्न. अंगावरून लालसर जातं का, संबंधाच्या वेळी दुखतं किंवा सासऱ्यांना काही टोचतं का? टेप योनीत उघडी पडली तर अशी लक्षणं असतात. तुम्हाला संकोच वाटत असेल तर नणंदेला विचारू द्या.

तुमचे डॉक्टर अगदीच चुकीचे नाहीत हेही खरं. पाळी गेल्यावर आतलं अस्तर पातळ होतं, नुसत्या त्यानेही संसर्ग होतात, आणि योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने बऱ्याच जणींचे थांबतात. साखरही तपासून घ्या.

नेटवर वाचून मात्र घाबरू नका. अमेरिकेत २०१९ मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येण्यावर उपाय म्हणून योनीतून बसवायच्या मोठ्या जाळीची, या टेपची नाही. इंग्लंडने जुलै २०१८ मध्ये टेपचाही वापर थांबवला, आणि तिथल्या सरकारने नेमलेल्या चौकशीच्या २०२० च्या कंबरलेज अहवालात बायकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं उडवून लावल्याचं स्पष्ट लिहिलं. तरी बऱ्याच जणींची टेप विनातक्रार आहे. त्रास नसेल तर ती उपटायला कुणी सांगत नाही.

माझा खडा आणि मूत्राशयातला धाग्याचा तुकडा लेझरने काढला, उरलेली टेप आत आहे. संसर्ग थांबले. खोकल्यावर थोडी लघवी पुन्हा सुटते, एसटीच्या प्रवासात पॅड लावते. दुर्बिणीचा रिपोर्ट आला की त्यातला मजकूर इथे टाका, नाव-गाव झाकून.