‘घुसखोर’, ‘निर्वासित’ आणि ‘आश्रयार्थी’: कोणता शब्द कोठे?

विचारणा अशी आहे: अमेरिकेतील स्थलांतर कायद्याच्या सुधारणेविषयी मराठीत लिहिताना परवानगीवाचून त्या देशात राहणाऱ्यांना सरसकट ‘घुसखोर’ म्हणावे का, आणि म्हणू नये तर ‘निर्वासित’, ‘शरणार्थी’ व ‘आश्रयार्थी’ यांपैकी कोणता शब्द योजावा?

‘घुसखोर’ सरसकट वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते केवळ सौजन्यापोटी नव्हे. ‘खोर’ हा फारसीतून आलेला प्रत्यय मराठीत बहुधा माणसाची खोड किंवा वृत्ती सांगतो. भांडखोर, लाचखोर, दंगेखोर, नफेखोर हे शब्द पाहावेत. त्यामुळे ‘घुसखोर’ म्हटले की एकदा घडलेली कृती त्या माणसाचा स्वभाव होऊन बसते. ‘घुसखोरी’ हा कृतिवाचक शब्द मात्र त्याज्य नाही. अमली पदार्थांचे तस्कर किंवा सशस्त्र टोळी चोरवाटेने सीमा ओलांडते तेव्हा तोच नेमका आहे, आणि सीमेच्या सुरक्षेची चर्चा करताना तो टाळण्याचे काही कारण नाही.

अडचण येते ती रीतसर व्हिसा घेऊन विमानतळावरून आलेल्या आणि मुदत उलटल्यावरही न परतलेल्या लोकांची. ते कोठे घुसलेलेच नसतात. अमेरिकी कायदाही हा भेद करतो: तपासणी चुकवून प्रवेश करणे हा गुन्हा असून पहिल्या खेपेस त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, केवळ मुदतीपलीकडे राहणे हा दिवाणी स्वरूपाचा नियमभंग आहे, ज्यासाठी देशाबाहेर काढता येते, पण तेवढ्याने तो माणूस गुन्हेगार ठरत नाही. अशांना ‘मुदतबाह्य राहिलेले’ म्हणावे आणि दोन्ही प्रकार एकत्र सांगायचे असतील तर ‘विनापरवाना वास्तव्य करणारे’ म्हणावे. ‘बेकायदा’ हे विशेषण माणसाला लावण्यापेक्षा प्रवेशाला किंवा वास्तव्याला लावलेले मला अधिक न्याय्य वाटते.

‘निर्वासित’ आणि ‘आश्रयार्थी’ यांतला फरक अधिक नाजूक आहे. १९५१च्या जिनिव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व यांमुळे ज्याला छळाची साधार भीती आहे आणि जो स्वदेशाबाहेर आहे, तो निर्वासित. या कराराला १९६७ साली जोडलेला पूरक करार अमेरिकेने १९६८मध्ये स्वीकारला आणि १९८०च्या कायद्याने ही व्याख्या जवळजवळ तशीच घेतली. फरक आहे तो मागणी कोठून केली याचा. देशाबाहेर असतानाच निवड होऊन जो येतो त्याला तेथे निर्वासित मानतात. सीमेवर पोहोचून किंवा देशात येऊन जो संरक्षण मागतो तो आश्रयार्थी. अधिकृत नाक्यावरून न आलेल्यालाही असा अर्ज करण्याची मुभा कायद्याच्या कलमात आहे, मग अलीकडच्या प्रशासनांनी त्या वाटेवर कितीही निर्बंध घातलेले असोत. म्हणजे एकच माणूस परवानगीवाचून आलेला आणि तरीही रीतसर अर्जदार, असा दोन्ही असू शकतो, आणि त्याला ‘घुसखोर’ म्हणणे म्हणजे सुनावणीआधीच निकाल देणे होय. उलट, ज्याचा अर्ज अंतिमतः फेटाळला गेला त्याला पुढेही ‘आश्रयार्थी’ म्हणत राहणे तितकेच चूक आहे.

‘शरणार्थी’ समजतो, पण मराठीत ‘शरण येणे’ म्हणताच हार पत्करणे आधी आठवते, म्हणून मी ‘आश्रयार्थी’ला पसंती देतो.

याच विषयात ‘माफी’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. १९८६च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला आणि परवानगी नसलेल्यांना जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकांना दंडाची तरतूद झाली. त्यातील दर्जा देण्याच्या भागाला ‘माफी’ म्हणणे तेव्हापासून रूढ आहे. २०१३ साली सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केलेले, पण प्रतिनिधिगृहाने विचारातच न घेतलेले विधेयक निराळे होते. त्यात सीमेवरील जवान आणि कुंपण वाढवण्याबरोबरच अर्जदारांसाठी दंड, थकीत कर आणि नागरिकत्वापूर्वी साधारण १३ वर्षांची प्रतीक्षा होती. त्याला ‘सशर्त नियमितीकरण’ म्हणावे. विरोधकांचे म्हणणे देताना ‘माफी’ हा त्यांचा शब्द अवतरणचिन्हांत जरूर द्यावा. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात तो येऊ नये.