सीटी स्कॅनची किरणं अंगात साठतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आई ६८ वर्षांची. जिन्यावरून पडली म्हणून डोक्याचा सीटी झाला, मग पोट दुखतंय म्हणून पोटाचा, मधे छातीचे दोन एक्स-रे. सगळं एका महिन्यात. आता दुसरे डॉक्टर परत पोटाचा सीटी सांगतायत. किरणं अंगात साठतात का, कॅन्सर होईल का, आणि बायको चार महिन्यांची गरोदर आहे तर तिनं आईजवळ झोपावं का?

मी कोल्हापुरात बावीस वर्षं एक्स-रे आणि सीटी काढतोय. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, त्यामुळं आईच्या पोटात काय आहे ते मला विचारू नका. किरणांबद्दल मात्र सांगू शकतो.

आधी बायकोचं. खुशाल झोपू द्या. मशीन थांबलं की किरणं संपली. खोलीतही उरत नाहीत, आईच्या अंगातही नाहीत, कपड्यालाही लागत नाहीत. आमच्याकडं एक सासूबाई स्कॅनवरून थेट घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ करायच्या, मग नातवाला घ्यायच्या. अंघोळ चांगलीच, पण त्याची गरज नव्हती. अपवाद बोन स्कॅन आणि पेट स्कॅनचा. तिथं औषधच किरणोत्सारी असतं आणि ते शिरेतून देतात, म्हणून काही काळ गरोदर बाईपासून आणि लहान मुलांपासून लांब राहायला सांगतात. बोन स्कॅनमधलं टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी जवळजवळ काही शिल्लक नसतं. तुमच्या आईचं यातलं काहीच झालेलं नाही. आईला स्कॅनला नेताना मात्र बायकोला आत धरायला पाठवू नका. ते काम तुम्ही करा, आणि शिशाचा एप्रन मागून घ्या.

आता साठण्याचं. किरण साठत नाही, पण त्यानं केलेली खोडी राहू शकते. पेशीत बहुतेक पाणीच असतं. किरण जाता जाता त्या पाण्याच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडवतो, त्यातून जे तापट तुकडे तयार होतात ते डीएनएवर तुटून पडतात. कधी किरण थेट डीएनएलाच लागतो. एक धागा तुटला तर पेशी तो सहसा नीट जोडते, हे काम तिचं रोज चालूच असतं. दोन्ही धागे एकमेकांच्या जवळच तुटले तर जोडणी चुकू शकते. मग बहुतेक वेळा पेशी मरते आणि विषय संपतो. क्वचित ती चूक घेऊन जगते, आणि कॅन्सरची जी भीती आहे ती या क्वचितची आहे. तोही लगेच होत नाही. रक्ताचा असेल तर काही वर्षांनी, गाठीचा असेल तर साधारण दहा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा. म्हणूनच आम्ही लहान मुलांच्या बाबतीत जास्त जपतो : त्यांच्या पेशी भराभर वाढत असतात आणि पुढं सगळं आयुष्य पडलेलं असतं.

कातडी लाल होणं, केस गळणं हे प्रकार वेगळे. त्याला एकाच जागी २ ग्रेच्या (ग्रे म्हणजे अंगात शोषलेल्या किरणांचं माप) आसपास डोस लागतो. पोटाच्या एका सीटीत आतल्या अवयवांना मिळतो तो याच्या शंभराव्या भागाच्या आसपास. १८९५ साली राँटगेननं एक्स-रे शोधले, त्यानंतरच्या काळात लोक हौसेनं हात मशीनखाली धरून बसायचे. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली त्यातच आधी हात गमावून १९०४ मध्ये गेला. आमच्या क्षेत्रातले नियम असल्या लोकांच्या जिवावर तयार झालेत.

आता तुमच्या आईचा हिशेब मांडू. डोक्याचा सीटी साधारण २ मिलिसिव्हर्ट (किरणांचा शरीराला किती धोका, याचं माप), पोटाचा ८, छातीचे एक्स-रे प्रत्येकी ०.१ पेक्षाही कमी. झाले १० च्या आसपास. जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिळतातच. म्हणजे आईला एका महिन्यात चार वर्षांचा निसर्ग मिळाला. (आपल्याकडचा काळा दगड ग्रॅनाइटपेक्षा यात सौम्य. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर थोरियमच्या वाळूमुळं लोक याच्या कितीतरी पट किरणांत पिढ्यानपिढ्या राहतात, आणि तिथल्या पाहणीत कॅन्सर वाढलेला दिसला नाही.) सुरक्षेसाठी जो अंदाज धरतात, त्यानं १० मिलिसिव्हर्टमुळं साधारण हजार ते दोन हजारांत एकाला जास्तीचा कॅन्सर. हा आकडा सगळ्या वयांचा मिळून, ६८ व्या वर्षी तो बराच कमी. किरणं नसतानाही दर नऊ भारतीयांत एकाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होतो, त्यापुढं हे ठेवून बघा.

तुमच्या आईचा खरा आकडा सीडीतच आहे. चित्रांच्या शेवटी डोसचं पान असतं, त्यावर डीएलपी, म्हणजे त्या स्कॅनमधल्या एकूण किरणांचा आकडा, लिहिलेला असतो. पोटाच्या सीटीसाठी त्याला ०.०१५ नं गुणा, डोक्यासाठी ०.००२ नं. डीएलपी ५६० असेल तर पोटाचे ८.४ मिलिसिव्हर्ट. तुमच्या कागदावर एकाऐवजी तीन-चार ओळी दिसतील तर घाबरू नका : डाय (आतलं उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन पोट दोन-तीनदा काढतात, तेव्हा तेवढ्या पट डोस जातो.

आणि माझा राग आहे तो इथंच. किरणांवर नाही, परत परत काढण्यावर. जुनी सीडी न बघता नवा सीटी लिहिणारे मी बघितलेत, आणि पेशंटही कमी नाहीत. 'पैसं भरल्यात न्हवं, मग सगळ्या अंगाचा फोटू काढ की लेका,' असं मला एका आजींनी सुनावलंय. पण राधानगरीकडचे एक आजोबा आले होते, त्यांनी खताच्या पिशवीतून रबर लावलेली फिल्मची गुंडाळी काढली. दीड वर्षापूर्वीची, चुरगळलेली, कोपऱ्याला हळद लागलेली. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी ती उजेडावर धरली, यकृतातला तोच डाग, तेवढाच. आजोबांना त्या दिवशी सीटी करावाच लागला नाही. सोनोग्राफी झाली आणि दुपारच्या एसटीनं घरी गेले.

माझंही एक सांगतो. किरणं मोजायला आमच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, तीन महिन्यांनी तपासायला जातो. नवखा असताना तो मी एप्रनसकट एक्स-रेच्या खोलीतच खुंटीला टांगून ठेवायचो. मी बाहेर, बॅज आत. रिपोर्ट आला तर त्यावर माझ्या नावानं भरमसाट डोस. आमची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, तिच्या जवळ गेलो होतो, तेही किरणं अंगावर न घेता. लेखी खुलासा द्यावा लागला.

तेव्हा उद्या त्या दुसऱ्या डॉक्टरांकडं जाताना पहिली सीडी आणि रिपोर्ट दोन्ही न्या आणि सरळ विचारा : पहिल्यात काय दिसलं नाही म्हणून परत काढायचा, आणि सोनोग्राफी किंवा एमआरआयवर भागेल का? त्या दोन्हींत एक्स-रे नसतात. उत्तर पटलं, तर तिसरा सीटी बिनधास्त करा. पोटात काहीतरी असून ते राहून जाणं आईच्या वयाला जास्त महाग पडेल. जाण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासलंय का तेवढं विचारून घ्या, डाय देताना आमच्याकडं पहिल्यांदा तेच विचारतात.