गुडघ्याचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलंय, म्हणून तुला

बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला हाडं धरून ठेवणारा बंध, पूर्ण तुटलंय, ऑपरेशनची तारीख मिळालीय आणि आता तोपर्यंत गप्प पडून राहते असं तू म्हणालीस, तिथेच मी थांबले, कारण नेमकं हेच मी केलं होतं. गुडघा सुजलेला, वाकत नाही, सरळ होत नाही, तशीच जाऊन टेबलावर झोपले आणि नंतर पाय पूर्ण सरळ व्हायला मला चार महिने लागले. पडून राहू नकोस. हे तीन आठवडे तुझ्या हातातले आहेत.

आधी सूज उतरव, बर्फ रुमालात गुंडाळून पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मग टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेव आणि मांडी आवळून गुडघा खाली दाब, पाच मोजेपर्यंत धर, सोड. सोपं वाटतं ना, पण गुडघा सुजला की मांडीचा पुढचा स्नायू झोपी जातो, तू सांगतेस आणि तो ऐकतच नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्याच मांडीकडे बघत बसले होते, आवळ आवळ म्हणत होते आणि कातडीसुद्धा हलत नव्हती, रडायला आलं मला. फिजिओताईंनी माझा हात धरून चांगल्या मांडीवर ठेवला, म्हणाल्या आधी इथे आवळून बघ कसं लागतं ते, मग तिकडे कर. पाचव्या-सहाव्या वेळी वाटीच्या वर एक बारीकशी थरथर झाली. ज्या मुली आधीच ताकद करून जातात त्यांना हे सगळं लवकर जमतं, म्हणून सांगतेय. डॉक्टरांना विचारून आत्ताच फिजिओ सुरू कर आणि ऑपरेशनच्या दिवशी पाय पूर्ण सरळ होतोय असं झालं पाहिजे.

घराचं बघ. तुमच्याकडे भारतीय संडास आहे, त्यात सुरुवातीला बसता येणार नाही, कमोड खुर्ची भाड्याने मिळते, आधी आणून ठेव. आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची, झोपायला खाट, खाली गादी टाकून नको, उठता येत नाही. कुबड्या घेऊन आधीच अंगणात चालून बघ, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आईला सांग पहिले दहा-बारा दिवस कोणीतरी सोबत लागेल. पैशाचं बाबांना एकट्याने बघू देऊ नकोस, विमा असेल तर कॅशलेसची मंजुरी आधी घ्या, नसेल तर सरकारी योजनेतल्या हॉस्पिटलात योजनेची माहिती देणारा आरोग्यमित्र बसतो त्याला हे ऑपरेशन बसतं का ते तारखेआधी विचारा.

भूलवाल्या डॉक्टरांना सगळं सांग, दमा, अ‍ॅलर्जी, आजी देते ती काढ्याची पावडरसुद्धा. उपाशी राहायची वेळ ते सांगतील ती पाळ. साधारण सहा तास आधी खाणं बंद आणि दोन तास आधी पाणी बंद असतं, पण दुधाचा चहा म्हणजे पाणी नाही, ते खाण्यातच धर. नेलपेंट काढून जा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा क्लिप लावतात.

नंतरची एक चूक सगळेच करतात. गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली की बरं वाटतं म्हणून ठेवतात आणि पाय वाकलेलाच राहतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेव, गुडघा मोकळा लोंबू दे, दुखेल, तरी ठेव. पोटरी सुजली, दुखली, ताप आला, जखमेतून पू आला तर लगेच फोन कर, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ.

आता खरं सांगायचं ते. चौथ्या महिन्यात तुझा गुडघा दुखणार नाही, तू पळशील, सगळे म्हणतील झाली की बरी, जिल्ह्याची कबड्डीची निवड चाचणी आलीय, उतर. तेव्हा उतरू नकोस गं. बहुतेक वेळा आपल्याच मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवतात ना, तिला आधी रक्तपुरवठा नसतो, शरीर तिला हळूहळू आपलीशी करतं आणि दीड ते तीन महिन्यांच्या आसपास ती सगळ्यात कच्ची असते, त्यानंतरही कितीतरी महिने पिकत असते. दुखत नाही म्हणजे पिकली असं नाही. 2016 मध्ये नॉर्वेच्या खेळाडूंवरचा अभ्यास आला, त्यात नऊ महिन्यांपर्यंत खेळणं जितके महिने पुढे ढकललं तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका साधारण निम्म्याने कमी झालेला दिसला. मी पाचव्या महिन्यात रेडला, म्हणजे चढाईला गेले, मॅटवर वळले, आतून टक्क आवाज आला. दुसरं ऑपरेशन. त्या मोसमाबरोबर पुढचे दोन मोसमही गेले माझे. म्हणून नऊ महिने, आणि नऊ झाले तरी दोन्ही पायांची ताकद मोजून, एका पायावरच्या उड्यांची टेस्ट करून, दुखरा पाय चांगल्याच्या निदान नव्वद टक्के भरला तरच.

घरात कोणी म्हणेल आता कबड्डी बास, स्थळं बघू. मलाही म्हणाले होते. वाद घालू नकोस, बाबांना एकदा फिजिओच्या खोलीत घेऊन जा, तू घामाने निथळत पाय उचलतेस ते त्यांना बघू दे. माझे बाबा तिथेच गप्प झाले.

आज रात्री एक कर. आईच्या शिवणाच्या टेपने दोन्ही मांड्या मोज, वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर, पाय सैल सोडून. दोन्ही आकडे मला पाठव. दर रविवारी परत मोजायचं आणि मी विचारणार.

तुझी ताई