पाणी नाही, पुढे थेट सीमा. मग जैसलमेरमध्ये एवढी श्रीमंती आली कुठून?

तुमचे दोन प्रश्न आहेत. जिथे पाऊस नाही, शेती नाही आणि पुढे पाकिस्तानची सीमा आहे, अशा जागी एवढ्या कोरीव हवेल्या बांधण्याइतका पैसा कुठून आला, हा पहिला. आणि डिसेंबरात आईवडिलांना घेऊन दोन रात्रींसाठी जाताय, तर काय पाहावं, हा दुसरा. पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामामुळे मी काही वर्षं जैसलमेरला राहिलो आहे. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातूनच निघतं, म्हणून आधी पैशाचं सांगतो.

जैसलमेर देशाच्या टोकाला आहे, हे 1947 नंतरचं चित्र. ती रेघ नकाशावरून पुसून बघा. पश्चिमेला सिंधमधलं उमरकोट, शिकारपूर, ठट्टा; उत्तरेला मुलतान; दक्षिणेला गुजरात; पूर्वेला पाली आणि त्याच्याही पुढे माळवा. या सगळ्यांच्या मधोमध हे गाव येतं. भाटी राजपुतांचा रावळ जैसल याने 1156 मध्ये जवळचं लोद्रवा सोडून त्रिकूट टेकडीवर राजधानी आणली, ती जास्त सुरक्षित जागा म्हणून. उंटांचे तांडे इथे थांबत, पाणी घेत, जकात भरत. राज्याची मिळकत मुख्यतः जकातीची होती, आणि गावातले ओसवाल जैन आणि माहेश्वरी व्यापारी हुंड्या, सावकारी आणि मालाची ने-आण यांवर मोठे झाले.

हवेल्यांच्या काळाशी तर आपला, म्हणजे मराठी मंडळींचा, थेट संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माळव्यात, शिंदे-होळकरांच्या मुलखात, अफूचं पीक जोरात होतं. चीनला जाणाऱ्या या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीला स्वतःचा ताबा हवा होता. व्यापाऱ्यांनी कंपनीचा मुलूख चुकवणारी वाट धरली: माळव्यातून पाली, पालीहून जैसलमेर, तिथून वाळवंट ओलांडून कराची, आणि कराचीहून गलबतांनी पोर्तुगीजांच्या दमण-दीवला. जैसलमेर नेमकं या वाटेवर. गुमानचंद पटवा यांनी आपल्या पाच मुलांसाठी पाच हवेल्यांचं काम 1805 च्या सुमारास सुरू केलं, ते याच बहराच्या काळात. जरीचा धंदा, सावकारी आणि अफू, या तिन्हींचा पैसा त्या झरोक्यांत आहे. गाइड ‘सोन्या-चांदीचे व्यापारी’ म्हणून पुढे सरकतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मराठ्यांच्या चौथाईचा तडाखा जयपूर, जोधपूर, उदयपूर सगळ्यांना बसला. जैसलमेर मात्र एवढं दूर आणि कोरडं होतं की तिथवर त्या फौजा पोचल्याच नाहीत. पुढे 1818 मध्ये इंग्रजांशी तह झाला, तोही राजपुतान्यात उशिरा केलेल्यांपैकी.

मग ओहोटी लागली. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि कराचीची पळवाट बंद झाली. माळव्याची अफू आता कर भरून मुंबईमार्गेच जाऊ लागली. पाठोपाठ देशात रेल्वे आली, पण तेव्हा ती जैसलमेरपर्यंत आलीच नाही. मुंबईच्या ज्या भरभराटीच्या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो, तिची दुसरी बाजू म्हणजे ही रिकामी होत गेलेली पेठ. व्यापारी घराणी बाहेर पडली. दगड घडवणारे सिलावट कारागीर, जे बहुतेक मुसलमान होते, त्यांतले कितीतरी कराचीला गेले आणि तिथल्या दगडी इमारतींच्या बांधकामावर त्यांचे हात लागले. शहर एवढं जुनं दिसतं, त्याचं हेही एक कारण: पुढची शंभर वर्षं जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता.

1947 ला उरलीसुरली वाटही संपली. सोढा राजपूत उमरकोटकडे राहिले आणि भाटी इकडे. या दोन कुळांत पिढ्यानपिढ्या सोयरिकी होत आल्या आहेत, म्हणून आजही इथे माहेर पलीकडे असलेल्या बायका भेटतात. 2006 मध्ये बाडमेर जिल्ह्यातल्या मुनाबावहून खोखरापारला जाणारी थार एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हा या घरांना केवढा आधार झाला होता. 2019 पासून ती बंद आहे. माझ्या मते सीमेची खरी किंमत या घरांनी मोजली आहे, आणि पर्यटकांच्या कानावर ती कधी येत नाही.

लष्कराने मात्र गावाला पुन्हा जीव दिला. 1965 च्या युद्धानंतर इथवर रेल्वे आली, रस्ते झाले, विमानतळ झाला. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री लोंगेवालाच्या चौकीवर पाकिस्तानी रणगाडे चालून आले, तेव्हा मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि पंजाब रेजिमेंटच्या सुमारे 120 जवानांनी रात्रभर चौकी धरून ठेवली. आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं. उजाडल्यावर ती जैसलमेरहून उडाली आणि उघड्या वाळूवरचे रणगाडे त्यांनी टिपले. तुम्ही डिसेंबरातच जाताय, तर लोंगेवाला बघाच. तनोटमातेचं मंदिरही त्याच बाजूला, शहरापासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे. 1965 मध्ये मंदिराच्या आवारात पडलेले, न फुटलेले बॉम्ब तिथे ठेवलेले आहेत आणि मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाचे जवान बघतात.

आता पाण्याचं. मला या मुलखाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. मुंबईत जुलैतल्या एखाद्या दिवशी एवढा कोसळतो. आणि जिल्हा किती मोठा? 38,401 चौरस किलोमीटर, म्हणजे दहा गोवे मावतील. तरी ‘शेती नाही’ हे तुमचं वाक्य बरोबर नाही. या जिल्ह्याचा बराच भाग वाळूचा नसून खडकाळ माळाचा आहे, आणि इथल्या लोकांनी त्या खडकाचाच उपयोग केला. खडकावर पडलेलं पाणी मुरत नाही, वाहतं. ते उतारावरून खालच्या खोलगट जमिनीत येतं, तिथे मातीचा लांब बांध घालून अडवतात. पाणी उभं राहतं, हळूहळू मुरतं, जादा झालं तर सांडव्यावाटे निघून जातं. दिवाळीच्या आगेमागे जमीन उघडी पडली की नुसत्या ओलीवर गहू आणि हरभरा पेरतात. नंतर एकही पाळी पाणी द्यावं लागत नाही. माळावर चरलेल्या गुराढोरांचं शेण पाण्याबरोबर वाहून येतं, तेच खत. याला खडीन म्हणतात.

खडीनांत वाकबगार होते पालीवाल ब्राह्मण. कुलधरा हे त्यांचंच गाव, शहरापासून अठरा-वीस किलोमीटरवर. दिवाण सालमसिंहाच्या जाचाला कंटाळून चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठली, ही कथा तुम्हाला तिथे हमखास ऐकवतील, वर भुतंही जोडतील. जुलूम खोटा नव्हता. पण आटत गेलेल्या विहिरी आणि बसत चाललेला व्यापार, यांनी ही गावं टप्प्याटप्प्याने रिकामी केली असावीत, असंच मला वाटतं. ज्यांनी दोनशे मिलिमीटरवर गहू पिकवला, त्यांचं गाव भुताटकीसाठी प्रसिद्ध व्हावं, हे मला फार लागतं. कुलधऱ्याला गेलात तर ड्रायव्हरला आजूबाजूचं एखादं चालू खडीन दाखवायला सांगा. डिसेंबरात तिथे हिरवागार हरभरा असेल.

रामगढच्या बाजूला बेरी बघायला मिळते. वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा थर आहे; पावसाचं गोडं पाणी त्याच्यावर अडतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तेवढ्या थरापर्यंतच अरुंद विहीर खणायची, खाली जायचं नाही. हे ज्ञान कुठल्याही कार्यालयातून आलेलं नाही. शहरासाठी गडीसर तलाव होता, चौदाव्या शतकातल्या रावळ घडसीच्या नावाचा. नळ येईपर्यंत गाव त्याच्यावर जगलं. पुढे पंजाबातल्या हरिकेपासून निघालेला इंदिरा गांधी कालवा 1987 मध्ये या जिल्ह्यात मोहनगढपर्यंत पोचला आणि चित्र पालटलं.

नळाचं पाणी किल्ल्याला मात्र बाधलं. बहुतेक किल्ले आज ओसाड आहेत. या किल्ल्यात काही हजार लोक अजून राहतात. घरं, दुकानं, पंधराव्या शतकाच्या आसपासची जैन मंदिरं, त्यांतला ताडपत्रांचा ज्ञानभंडार, सगळं नव्व्याण्णव बुरुजांच्या आत. पाणी डोक्यावरून आणायचं त्या हिशेबाने ही वस्ती बांधलेली. पिवळ्या दगडाखालची टेकडी मातीच्या आणि ठिसूळ थरांची आहे. नळ आले, संडास-बाथरूम आली, मग हॉटेलं आली, आणि ते सगळं पाणी टेकडीत झिरपायला लागलं. बुरुज आणि भिंती ढासळल्या. 2013 मध्ये युनेस्कोने राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर याला जागतिक वारशात घेतलं, तरी टेकडीतली ओल काही कमी झाली नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती: किल्ल्याच्या आत मुक्काम करू नका. आत जा, निवांत फिरा, तिथल्या दुकानांतून वस्तू घ्या, पण अंघोळी खालच्या गावात करा. आईवडिलांनाही खालीच सोयीचं पडेल. वर चढ आहे आणि फरशा गुळगुळीत झालेल्या आहेत.

माझ्या कामाबद्दलही लिहायला हवं, कारण क्षितिजावर तुम्हाला पवनचक्क्याच दिसतील. इथला वारा-प्रकल्प एक हजार मेगावॉटच्या वर आहे, आणि तो उभारणाऱ्यांत पुण्याची सुझलॉन आघाडीवर होती. याच माळावर गोडावण राहतो. आपण त्याला माळढोक म्हणतो. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं, तिथे आता एखादा दिसला तरी बातमी होते. उरलेले बहुतेक पक्षी जैसलमेर जिल्ह्यात आहेत. पक्षी जड, समोरचं त्याला कमी दिसतं, आणि विजेच्या तारांना धडकून तो मरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं, 2024 मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. माझं घर या विजेवर चाललं, तरी मला वाटतं की गोडावणाच्या मुख्य अधिवासातल्या तारा जमिनीखाली गेल्याच पाहिजेत, खर्च कितीही येवो. सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत अंडी उबवून पिल्लं वाढवताहेत. उद्या ती पिल्लं सोडायची झाली, तर त्यांना मोकळं आकाश हवं.

संगीतावर थोडक्यात लिहितो, कारण ते लिहून कळणारं नाही. मांगणियार हे मुसलमान गवई. त्यांचे यजमान बहुतेक राजपूत. यजमानांच्या घरचं जन्म, लग्न, मरण, काहीच या गवयांच्या गाण्याशिवाय होत नाही. भाटींच्या पिढ्या त्यांना तोंडपाठ, कृष्णाची गाणी त्यांची आणि सिंधच्या शाह अब्दुल लतीफांचे कलामही त्यांचेच. हमीरा गावचे साकर खान कमायचा, म्हणजे गजाने वाजवायचं इथलं तंतुवाद्य, वाजवायचे. त्यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. सम इथल्या वाळूच्या टेकड्यांजवळ पर्यटकांसाठी तंबू आहेत; तिथे रात्री लाउडस्पीकरवर जे चालतं, ते यातलं नव्हे. तुमच्या हॉटेलवाल्याला सांगून एखाद्या कमायचावाल्याला संध्याकाळी बोलवा, माइक नको म्हणा, आणि ठरलेली बिदागी त्याच्याच हातात द्या.

दोन रात्रींचं असं करा. पहिल्या दिवशी सकाळी लवकर किल्ला आणि जैन मंदिरं, दुपारी पटव्यांच्या हवेल्या, संध्याकाळी गडीसर. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून रामगढ, तनोट, लोंगेवाला; हा अख्खा दिवस जातो, पाणी आणि खाणं बरोबर ठेवा. तनोटच्या पुढे सीमेकडे जायला सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते, सगळ्यांची ओळखपत्रं जवळ असू द्या. तिसऱ्या दिवशी परतीची गाडी रात्रीची असेल तर सकाळी आकल बघा, सतराएक किलोमीटरवर. तिथे सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातले, दगड झालेले ओंडके माळावर पडलेले आहेत. मग दुपारी कुलधरा आणि खडीन. समचा उंट राहिला तरी चालेल. त्याऐवजी बाजारात केर-सांगरीची भाजी आणि घोटुवां लाडू खा. रात्री पारा बराच उतरतो, आईवडिलांसाठी जाड स्वेटर आणि कानटोप्या विसरू नका.