मुंडगोडच्या वहिनी, पासपोर्ट आणि "परत पाठवतील" ही भीती

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही बेळगावच्या शहापूरचे, बायको मुंडगोडच्या तिबेटी कॅम्पमध्ये 1984 ला जन्मलेली, लग्नाला अठरा वर्षं झाली, तरी दरवेळी पोलिसांकडं आरसी (परदेशी म्हणून नोंदणीचा दाखला) रिन्यू करायला जावं लागतंय आणि आता पासपोर्टचं विचारलं तर "आधी नवऱ्याच्या नावावर नागरिकत्व घ्या" म्हणून कुणीतरी सांगितलंय, वर गल्लीतली लोकं म्हणतात की ह्यांना एक दिवस परत पाठवतील.

पहिलं म्हणजे तो लग्नावरून नागरिकत्वाचा अर्ज अजिबात भरू नका. तो भरला की वहिनी परदेशी आहेत असं तुम्ही स्वतःच लिहून दिल्यासारखं होतंय. 1955 च्या नागरिकत्व कायद्यात कलम 3 आहे, त्यात 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधी भारतात जन्मला तो जन्मानंच नागरिक, आईबाप कुठले का असेनात. म्हणजे वहिनी जन्मल्या दिवसापासून भारतीय आहेत, कुणाकडं मागायला जायचं नाही. दिल्ली हायकोर्टानं 2010 ला नामग्याल डोलकर ह्या भारतात जन्मलेल्या तिबेटी बाईच्या केसमध्ये हेच सांगितलं, कागदावर तिबेटी लिहिलं म्हणून जन्मानं मिळालेलं नागरिकत्व जात नाही, आणि 2016 ला परत सांगितलं की अशांना पासपोर्ट द्या.

पण 2017 ला परराष्ट्र मंत्रालयानं अटी घातल्या. आरसी आणि पिवळं आयसी बुक (तिबेटी लोकांना पासपोर्टऐवजी मिळणारं प्रवासाचं ओळखपत्र) जमा करा, कॅम्पमध्ये राहू नका, धरमशाळेच्या तिबेटी प्रशासनाचे फायदे सोडा. तुम्ही बेळगावात राहता म्हणून वहिनींना त्रास कमी. जन्मदाखल्यावर अर्ज करा, आरसी लेखी मागितल्यावरच द्या, पोच घ्या, आधी झेरॉक्स अटेस्ट करून ठेवा कारण जन्म भारतातला आहे हे त्यातही असतंय. तोवर रिन्यू करायचं थांबवू नका, उगीच कुणाच्या हातात कोलीत द्यायला नको, कारण मी परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्यानं आपल्यावरच असते. पोरांची काळजी सोडा, आईबाप दोघंही नागरिक, विषयच नाही.

खरा गुंता मेहुण्याचा आहे, जन्म 1989. त्या काळात जन्मलेल्याला आई किंवा बाप नागरिक लागतो, म्हणून सगळे त्याला नाही म्हणतात. पण तुम्हीच लिहिलंय की सासूबाई 1964 ला म्हैसूरकडच्या बैलकुप्पेच्या तिबेटी कॅम्पमध्ये जन्मल्या! मग त्या स्वतः जन्मानं नागरिक, आणि त्यांच्यामुळं मेहुणाही. त्याच्या केसचा जीव सासूबाईंच्या जन्माच्या पुराव्यात आहे.

आणि इथंच मला राग येतो. मेहुण्यानं पासपोर्ट घेतला तर त्याला त्या अटीनं कॅम्प सोडावा लागणार, म्हणजे जिथं जन्मला, जिथं म्हातारी आई आहे, तेच घर. जमीन सरकारनं लीजवर दिलेली, त्याच्या नावावर काहीच नाही. नागरिक म्हणायचं आणि घरातून काढायचं, हा कसला हिशोब? आपण बेळगावची माणसं, 1956 ला आपलं गाव जागेवरून हललं नाही तरी राज्य बदललं, कागद एक सांगतो आणि माणूस दुसरंच असतो तेव्हा काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. साठ वर्षं इथं राबलेल्या, इथल्या शाळेत शिकलेल्या, थंडीत स्वेटर विकणाऱ्या माणसांना "परत" म्हणजे कुठं पाठवणार? त्यातल्या बहुतेकांनी तिबेट बघितलेलंच नाही. शिवाय कलम 21 चा जीविताचा हक्क फक्त नागरिकांना नाही, प्रत्येक माणसाला आहे, अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं 1996 ला हे स्पष्ट केलंय. त्यामुळं गल्लीतल्या बोलण्यावर झोप घालवू नका.

सासूबाईंचा जन्म नोंदलेला नसेल तर उशिराची नोंद होते, 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याचा आदेश डीसी (जिल्हाधिकारी) किंवा एसी (प्रांत) पातळीवरून होतो, पूर्वीसारखं कोर्टात जायला नको. कॅम्प ऑफिसचं रजिस्टर, शाळेचा दाखला, त्यांची सगळ्यात जुनी आरसी, जे सापडेल ते घ्या. त्यांचं वय झालंय, त्यांना घेऊन ह्याच महिन्यात बैलकुप्पेला जाऊन या, पासपोर्टचा फॉर्म नंतर भरला तरी चालेल.